काकूंचा पाळणा डिस्कवर घालताना

"तोंड मिटलं, तरी मी गातेच आहे बघ," बाहेरच्या खोलीत काकू आईला म्हणाल्या.

आईच्या बांगड्या वाजल्या. हसू आलं की ती तोंडावर हात नेते. "मिटू दे की," ती म्हणाली. "आवाज येतोय ना?"

"येतोय. पण मागनं येतोय, काठी टेकत टेकत."

मी आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसले होते. मधे नुसता पडदा होता. पंख्याच्या वाऱ्यानं तो फुगला की टीव्हीचा एक कोपरा दिसायचा. त्या कोपऱ्यात फिल्ममधल्या काकू होत्या, निळसर, थोड्या धूसर, हातात पाळण्याची दोरी. त्यांचे ओठ एखादा शब्द उच्चारायचे, मिटायचे, आणि मग तो शब्द यायचा. पडदा खाली बसला की नुसता आवाज उरायचा, आणि नुसत्या आवाजात काहीच चूक नसायची. मी बराच वेळ तशीच ऐकत बसले. बाहेर जाऊन 'बिघडलंय, पुन्हा करते' एवढं म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी कोऱ्या डिस्कच्या डब्याचं झाकण फिरवत राहिले.

आमच्या घरची मराठी तंजावरची. तिच्यात तमिळ इतकं मिसळलेलं असतं की कुठं एक भाषा संपली आणि कुठं दुसरी लागली हे आम्हालाही सांगता यायचं नाही. इथे मी ती थोडी सरळ करून लिहिते आहे. देवनागरी मी पुष्कळ पुढे, एकटीनं बसून शिकले. शाळा सगळी इंग्रजीत झाली, आणि काकूंचं बोलणं मला समजायचं सगळं, बोलता मात्र अर्धंच यायचं.

काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. घराचा पुढचा भाग आमचा, मागचा त्यांचा, गच्ची दोघांची. काका गेल्यापासून त्यांची चूल नावापुरती उरली होती. जेवायला, टीव्ही पाहायला आणि वाद घालायला त्या आमच्याकडे यायच्या. त्यांची एकुलती एक मुलगी, जिला मी अक्का म्हणते, लग्न होऊन अमेरिकेत गेली होती, आणि तिला मुलगी झाली होती. काकूंनी बाळंतपणाला जायचं ठरलं होतं. वडामांपासून, म्हणजे तांदळाच्या वाळवणापासून, काजळाच्या डबीपर्यंत सगळी तयारी झाली, आणि व्हिसा मिळाला नाही. चेन्नईहून परत आल्या त्या दिवशी काकूंनी भरलेली पेटी स्वतःच उपसली, वडाम आमच्या डब्यात ओतले आणि आईला म्हणाल्या, "तळून घाल सगळ्यांना. अमेरिकेचे आहेत."

आमच्यातल्या कुठल्याही घरी बारसं असलं की पाळणा म्हणायला काकूंना बोलावणं यायचं. त्या सासूकडून शिकल्या होत्या, सासू तिच्या सासूकडून. पाळणा लांबलचक होता आणि त्यातले कितीतरी शब्द आम्हा मुलांना कळत नसत. पण काकूंनी दोरी हातात घेतली की बायका आपोआप गप्प व्हायच्या आणि लहान मुलं पेंगायला लागायची. ओरत्तनाडूच्या पलीकडच्या एका गावाला तर त्या कुणाच्या तरी मोपेडवर मागे बसून गेल्या होत्या. दोन्ही बाजूंना भाताची शेतं, डोक्यावर पदर आणि पदरात बाळासाठी नेलेलं टोपडं. हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं, पण आता मला ते स्वतः पाहिल्यासारखं वाटतं.

सगळ्यांच्या मुलांचे पाळणे म्हणून झाले आणि स्वतःच्या नातीचा आला तेव्हा मधे समुद्र होता.

कल्पना अक्काची. फोनवर ती म्हणाली, "आई, तू व्हिडिओवर म्हण. आम्ही इथं टीव्हीसमोर पाळणा बांधतो. सगळ्या बायका बसतील, तू म्हणायला लाग." काकूंनी फोन कानापासून थोडा लांब धरला होता, म्हणून आम्हालाही ऐकू आलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी डब्यातून गायचं?" आणि मग, "गाईन."

आमच्या रस्त्यावरच्या एक मामी त्याच सुमाराला मुलाकडे जाणार होत्या, अक्काच्याच गावाला. त्या आमच्यातल्याच, पण रस्त्याच्या रिवाजानं सगळ्यांच्या मामी. डिस्क त्यांच्याबरोबर जायची आणि बारशाच्या आधी पोचायची. दुसरं कुणी जाणारं नव्हतं. टपालावर काकूंचा विश्वास नव्हता.

डिस्क करायचं काम माझ्याकडे आलं याचं कारण वडिलांनी सांगितलं. कॉम्प्युटर इंग्रजीत बोलतो आणि घरात इंग्रजी शिकलेली ही. मी इंग्रजी साहित्यात एम.ए. केलं होतं. त्याचा आणि डीव्हीडी रायटरचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. मला ते काम मनातून हवं होतं. पडदा ओढून एकटीनं करायचं काम होतं ते, आणि कुणी विचारलं तर 'चाललंय' एवढं उत्तर पुरायचं.

कॅमेरा अक्का मागच्या खेपेला ठेवून गेली होती. खरं तर फोटोंचा, पण त्यात फिल्मही घेता यायची. काकूंनी बाहेरच्या खोलीतल्या ऊंजलच्या, म्हणजे झोपाळ्याच्या, कड्यांना आपलं जुनं सुती पातळ बांधून झोळीचा पाळणा केला. त्यात त्यांनी वरवंटा घातला, धुऊन, पुसून, टोपडं घालून.

"दगडाला झुलवणार?" आई म्हणाली.

"बारशाला पाळण्यात आधी वरवंटाच जातो. मूल त्याच्यानंतर. विसरलीस होय? तुझ्या मुलीच्या वेळी हाच होता."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी कॅमेऱ्यात पाहत होते. त्या छोट्या पडद्यावर दुपारचं ऊन काकूंच्या खांद्यावरून पाळण्यात उतरत होतं. वरवंट्याचं टोपडं तेवढं उजळ दिसायचं. पाळणा माझ्याकडे यायचा, लांब जायचा. त्यांनी सुरू केलं तेव्हा बाहेर भाजीवाला ओरडत होता. तोही थोडा वेळ त्या फिल्ममध्ये आहे.

पहिली डिस्क मी अगदी सहज केली आणि ती चालली नाही. फिल्मची फाइल उचलून डिस्कवर घातली, कॉम्प्युटरवर लावून पाहिली, काकू छान गात होत्या. मग ती डिस्क टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये घातली. प्लेअरनं ती आत घेतली, बराच वेळ घरघर केली आणि आपल्या हिरव्या खिडकीत लिहिलं की आत डिस्कच नाही. आम्ही तिघी त्या हिरव्या अक्षरांकडे बघत राहिलो.

बाहेर काढली तेव्हा तिच्या चकचकीत बाजूला हळद आणि कुंकवाचं बोट दिसलं. ओलं होतं ते. डिस्क थोडा वेळ देवापुढे होती. कुठलीही वस्तू बारशाला जाते ती हळदकुंकू लावूनच जाते, आणि चकचकीत बाजू तीच दर्शनी बाजू, असं काकूंना वाटलं. कुणालाही तसंच वाटेल. आरशासारखी बाजू खाली तोंड करून वाचली जाते आणि कागदासारखी बाजू वर असते, हे मलाही त्याच आठवड्यात कळलं होतं. मी ती आत नेली, पाण्यानं धुतली, मऊ कापडानं मधून कडेकडे पुसली आणि पुन्हा लावली. हिरवी खिडकी तेच म्हणाली. म्हणजे दोष कुंकवाचा नव्हता, याचं मला बरं वाटलं.

जुन्या बस स्टँडजवळ इंटरनेटचं एक ब्राउझिंग सेंटर होतं. लाकडी फळ्यांचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक कॉम्प्युटर, उदबत्तीचा वास. मी भिंतीकडचा कप्पा पकडायचे. तिथे मला एक सुख सापडलं. मला पडलेला प्रश्न जगात कुणीतरी आधीच विचारून ठेवलेला असायचा आणि दुसऱ्या कुणीतरी त्याला उत्तर दिलेलं असायचं. मला कुणाशी बोलावं लागायचं नाही. नुसतं वाचायचं. फाइल नुसती डिस्कवर ठेवली तर कॉम्प्युटरला ती कळते, पण प्लेअरला तिची मांडणी वेगळी लागते. आधी फिल्मचं रूप बदलायचं, मग ती ठरलेल्या नावाच्या फोल्डरमध्ये बसवायची, मग डिस्क लिहायची आणि शेवटी ती बंद करायची, म्हणजे तिच्यात आणखी काही भरायचं नाही असं तिला सांगायचं. रायटरबरोबर आलेलं सॉफ्टवेअर हे सगळं करत होतं. मी आधी चुकीचं बटण दाबलं होतं, एवढंच.

दुसरी डिस्क आमच्या ग्राइंडरनं घालवली. फिल्मचं रूप बदलायला बराच वेळ लागायचा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या चालीनं पुढे सरकायची आणि मी तिच्याकडे बघत बसायचे. मला ते आवडायला लागलं होतं. पंखा, निळी पट्टी, बाहेर गच्चीवरच्या कावळ्यांचा आवाज. ती पट्टी जवळजवळ शेवटाला आली असताना स्वयंपाकघरात आईनं इडलीचं पीठ लावलं. ग्राइंडरचा दगड फिरायला लागला, दिवा मंद झाला, पंखा ओशाळल्यासारखा झाला आणि कॉम्प्युटर विझून पुन्हा पेटला. डिस्क बाहेर आली ती अर्धी लिहिलेली. तिच्यावर एक कडं स्पष्ट दिसत होतं, आतला भाग गडद, बाहेरचा फिका. इथपर्यंत काकू होत्या.

काकूंनी दारातून पाहिलं असावं. त्या स्वयंपाकघरात जाऊन म्हणाल्या, "तिचं चालू असेल तेव्हा पीठ नको."

"इडली नको तर नको," आई म्हणाली. "डाळतांदूळ भिजलेत, त्यांना तुम्हीच सांगा."

त्यानंतर घरात नवा नियम झाला. निळी पट्टी चालू असताना ग्राइंडर नाही, इस्त्री नाही. वडिलांना शर्ट सकाळी लवकर इस्त्री करावे लागले. मी सेंटरवर आणखी एक गोष्ट वाचली होती, की डिस्क सर्वांत कमी वेगानं लिहावी, म्हणजे अक्षरं खोल बसतात. खोल बसतात हे माझं म्हणणं. तिथे नुसतंच लिहिलं होतं की चुका कमी होतात.

तिसरी डिस्क प्लेअरनं लगेच ओळखली. हिरवी खिडकी काही म्हणाली नाही, टीव्हीवर पाळणा हलला आणि काकू दिसल्या. पहिली दोन कडवी ठीक होती. पुढे पुढे मात्र आवाज मागे पडत गेला, आणि शेवटाला तर काकू ओठ मिटून पाळण्याकडे पाहत असायच्या आणि गाणं अजून चालूच असायचं. त्याच दुपारी काकू ते काठी टेकत येण्याचं बोलल्या.

मला ते दिवस आठवतात ते थोडे असेच, मागून आवाज येणारे. मी जेवायला बसले तरी कानात पाळणा. कालव्याच्या कडेनं सेंटरला जायचे, कालव्यात पाणी नव्हतं, तळाच्या चिखलाला भेगा पडलेल्या, आणि त्यात बगळे उभे. एखादी बाई पलीकडच्या काठावरून काही ओरडली की मी आधी तिचं तोंड पाहायचे आणि आवाज पोचेपर्यंत थांबायचे. तो लगेच पोचायचा. तरीही मला वाटायचं की क्षणभर उशीर झाला.

सेंटरमध्ये बघितलं, तर जगभर लोकांचे आवाज मागे पडत होते. कुठल्यातरी थंड देशातल्या एका माणसानं लिहिलं होतं की त्याच्या मुलीनं पाण्यात उडी मारलेली दिसते आणि 'बाबा, बघ' हे ती पाण्याखाली गेल्यावर ऐकू येतं. त्याला कुणीतरी शांतपणे उत्तर दिलं होतं. फोटोंच्या कॅमेऱ्यात आवाज आणि चित्र यांची घड्याळं वेगळी असतात, फरक अगदी थोडा असतो, पण फिल्म लांब असेल तर तो साठत जातो. म्हणून लांब फिल्म एकसंध ठेवू नये. तिचे तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्याचा आवाज नव्यानं जुळवावा आणि मग ते एकामागे एक लावावेत. तुकडे शांततेत करावेत, म्हणजे सांधा ऐकू येत नाही. रिकाम्या शांतता काढून टाकल्या तर आणखी चांगलं, कारण तिथेच घड्याळ घसरतं. मी ते सगळं मनात पाठ करत घरी आले.

त्याच दिवशी अक्काचा फोन आला आणि तिनं सांगितलं की तिकडच्या टीव्हीची पद्धत आपल्यापेक्षा वेगळी असते, आपल्याकडची डिस्क तिकडे काळीपांढरी दिसते किंवा दिसतच नाही. सॉफ्टवेअरमध्ये दोन पर्याय होते, हे मी पाहिलेलं होतं. मी तिकडचा निवडला. आमचा प्लेअर बिचारा दोन्ही वाचायचा, त्यामुळे घरी तपासून बघता येणार होतं.

मग मी पाळणा कापायला बसले. त्याआधी मी तो इतक्या वेळा ऐकला होता, पण कापण्यासाठी ऐकणं वेगळं. पडद्यावर आवाजाचं चित्र दिसायचं, काळ्या टेकड्यांची एक रांग, आणि दोन टेकड्यांमधे सपाट रेघ. रेघ म्हणजे काकू श्वास घेतात ती जागा. मी प्रत्येक रेघेवर खूण करत गेले. जे शब्द मला कधीच कळले नव्हते ते आता टेकडीच्या आकारावरून ओळखू यायला लागले. एक शब्द नेहमी दोन उंच शिखरांचा यायचा. त्याचा अर्थ काय असेल असं वाटायचं, पण काकूंना विचारायला मी उठले नाही. उठले असते तर तो शब्द साधा निघाला असता.

शेवटच्या कडव्याआधी एक फार लांब रेघ होती. चित्रात काकू दोरी धरून पाळणा थांबवतात, आत वाकून वरवंट्याकडे पाहतात आणि काहीच म्हणत नाहीत. मला वाटलं पुढचे शब्द आठवत नाहीत. इतकी लांब शांतता म्हणजे घड्याळ घसरायला भरपूर जागा. मी तिच्या दोन्ही टोकांना खूण केली आणि ती काढली. दोन टेकड्या शेजारी येऊन बसल्या. मला समाधान वाटलं.

ती डिस्क लिहून झाली त्या दिवशी दुपारी मामी येणार होत्या. संध्याकाळच्या गाडीनं त्या चेन्नईला निघणार, तिथून विमान. डिस्क रायटरमधून बाहेर आली तेव्हा कोमट होती. मी ती कडेला धरून उन्हात पाहिली, तर छतावर रंगांचं एक पातळ कडं उमटलं आणि माझा हात हलला तसं भिंतीवरून खाली उतरलं. डाग नव्हता, अर्धवट कडं नव्हतं. आधीच्या तीन डिस्क तोवर गच्चीवर गेल्या होत्या. काकूंनी त्यांना दोरा ओवून वाळत घातलेल्या वडामांवर टांगलं होतं, आणि कावळे खरंच यायचे थांबले होते.

मी डिस्क प्लेअरमध्ये घातली आणि नेहमीसारखी पडद्याआड आले. आई आणि काकू बाहेर बसल्या. आवाज सुरू झाला. पडदा फुगला की मला दिसत होतं, ओठ आणि शब्द एकत्र होते. पहिल्या कडव्यालाही आणि खूप पुढे गेल्यावरही.

"आता बघा," आई म्हणाली. "तोंड आणि आवाज एकाच गाडीनं आले."

काकू ऐकत होत्या, पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर. शेवटचं कडवं जवळ आलं. पडदा वर होता म्हणून मी पाहिलं. काकूंचा उजवा हात मांडीवरून उठला, पंजा उघडा, समोरचं काहीतरी हलकेच थांबवायला पुढे गेला. टीव्हीतला पाळणा थांबला नाही. तो एका टोकाला होता आणि पुढच्या क्षणी दुसऱ्या टोकाला होता, आणि गाणं पुढे निघून गेलं होतं. काकूंचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि पदर सारखा केला.

गाणं संपल्यावर आईनं विचारलं, "काय झालं?"

"कुठं काय? छान झालंय." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तिथं मी थांबले होते ग. पाळणा थांबवायचा, मग आत्या वाकून बाळाच्या कानात नाव सांगते, मग सगळ्या नाव घेतात आणि मग पुढचं. तेवढा वेळ मी तिला दिला होता. दगडाकडे बघत बसले होते, पण मनात नात होती ना. आत्या कानात सांगते आहे आणि मी थांबले आहे, असं."

"त्या बटण दाबून थांबवतील की. असतं तसं बटण."

"हो, थांबवतील." काकूंचा आवाज अगदी साधा होता. "बटणानं टीव्ही थांबेल. मी थांबले असते तर मी थांबले असते, एवढंच."

"तिला सांगू का?"

"नको. पोरीचे डोळे बघ कसे झालेत. किती दिवस बसली आहे. सगळं गाणं तर आलंय."

मी पडदा धरून उभी होते. मला बारशांतली ती जागा आठवली. मी नेहमी बायकांच्या मागे, दाराशी उभी असायचे, त्यामुळे पुढे काय चालतं ते मला कधी नीट दिसलं नव्हतं. मला फक्त गाणं थांबलेलं कळायचं आणि मग सगळ्या एकदम काहीतरी बोलायच्या. इतकी वर्षं मी त्या शांततेत उभी राहून पायानं उंबरा खरवडत होते. ती कुणासाठी असते ते मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात मामी आल्याच. चपला काढता काढता बोलत आल्या. "झाली का सीडी? द्या लवकर, पेटीला कुलूप लावायचंय. मुलगा म्हणतो वजन जास्त झालं तर लोणचं काढून ठेवतील. लोणचं काढतील तर मी तिथंच बसेन."

"ही हलकी आहे," काकू म्हणाल्या. त्या उठल्या, प्लेअरचं बटण दाबलं आणि डिस्क मी शिकवलं होतं तशी कडेनं धरून बाहेर काढली. कागदी पाकिटात घातली आणि पाकिटावर, डिस्कला लागणार नाही अशा बेतानं, कोपऱ्यात हळदकुंकवाचं बोट टेकवलं.

"अख्ख्या तुम्हीच आहात का हो यात?" मामींनी पाकीट उलटंपालटं केलं. "बारीक झालात."

काकू हसल्या. "तिथं उघडल्यावर फुगेन."

"आणि पाळणा पुरा आहे ना? मागच्या वर्षी माझ्या भाचीकडं कुणीतरी कॅसेट लावली, ती मधेच संपली. सगळ्या बायका तोंडाकडे बघत बसल्या."

"पुरा आहे," काकू म्हणाल्या, आणि त्या वेळी त्यांनी माझ्या पडद्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला कळलं.

मामींनी पाकीट पर्समध्ये ठेवलं. पर्सची चेन अडकली म्हणून त्या ती ओढत होत्या. डब्यात एक कोरी डिस्क उरली होती. कापून काढलेली ती लांब रेघ अजून कॉम्प्युटरमध्ये होती, मी ती पुसली नव्हती. परत जागेवर बसवायची, तेवढ्या तुकड्याचा आवाज जुळवायचा म्हणजे जुळवायला आवाज नव्हताच, मग निळी पट्टी, मग लिहिणं, सगळ्यात कमी वेगानं. ग्राइंडर बंद ठेवला तर संध्याकाळच्या आत होण्यासारखं होतं. पण मामींना पोचवायला आमच्या रस्त्यावरचे अर्धे लोक स्टेशनवर येणार होते. सगळ्या बायका, हार, थर्मास, आणि प्रत्येकजण मला विचारणार, काय ग, हल्ली काय करतेस, आणि मी उत्तर शोधत उभी राहणार. हे सगळं मी त्या चेनच्या आवाजात पाहून घेतलं.

मी पडदा बाजूला सारला. तिघींनी माझ्याकडे पाहिलं. आईचा हात अर्ध्या वाटेत थांबला, तोंडाकडे जाता जाता.

"मामी, ती डिस्क नेऊ नका," मी म्हणाले. "काकू जिथं थांबल्यात ती जागा मी कापलीय. ती परत घालते, आणि संध्याकाळी गाडी सुटायच्या आत स्टेशनवर मी स्वतः घेऊन येते."